तळोद्याच्या मास्तरांचा पाव तास

लढाईच्या पाचव्या वर्षी, आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, दिवेलागणीच्या वेळी, दिल्लीच्या सरकारी रेडिओ केंद्रात आमच्या तळोद्याच्या मास्तरांचं वाक्य अर्ध्यावर तोडलं गेलं. मास्तर बोलत होते, काचेपलीकडच्या एका माणसाने बटण खाली केलं, आणि मास्तर उरलेलं वाक्य चार भिंतींना सांगत राहिले. दुसऱ्या दिवशी त्यांना कामावरून काढलं. कारण लिहिलं ते असं, की या इसमाने परदेशी पाठवायच्या कार्यक्रमातून शत्रूला गुप्त संकेत दिले. गोरे गेले, इमारतीवरचा झेंडा बदलला, पण तो शेरा आहे तिथेच आहे.

मी आजवर पत्रकंच लिहिली. बेचाळीसच्या धामधुमीत सदऱ्याखाली लपवून वाटली ती, आणि नंतर शाळेसाठी, रेशनसाठी, जंगलखात्याविरुद्ध भिंतीवर चिकटवली ती. माझी पत्रकं वाचून मास्तर नेहमी एकच सांगत, "नुसता ओरडतोस. ओरडलेलं पोचत नाही." तेव्हा आज न ओरडता लिहून बघतो. जमेलच असं नाही.

मास्तर म्हणजे आमच्या शाळेचं एक दुखणं होतं. ते वर्गाकडे पाठ करून शिकवत. खिडकीशी उभे राहत, तोंड सातपुड्याकडे, आणि तिथून भूगोल सांगत. मागच्या बाकावरच्या मुलाला एक शब्द जरी ऐकू आला नाही तरी ते स्वतःवर चिडत, मुलावर नाही. फळ्यावर त्यांनी कधी अक्षर काढलं नाही. एकदा तपासनीस साहेब आले आणि म्हणाले, फळा कोरा का. मास्तर खिडकीतूनच म्हणाले, लिहिलेलं यांनी वाचलं काय न वाचलं काय, कुणाला कळतं. बोललेलं पोचलं नाही तर मला लगेच कळतं. साहेबांनी शेरा मारला. मास्तरांना शेऱ्यांची सवय तेव्हापासूनची.

त्यांचा एक तास शाळेबाहेर होई. गावाशेजारच्या नाल्याच्या या काठावर आम्ही, त्या काठावर मास्तर. एकेकाने उभं राहून पाढा म्हणायचा आणि तो पलीकडे पोचवायचा. ओरडायची बंदी. जो ओरडे त्याला ते हाताने खाली बस म्हणून खुणावत, आणि नंतर गाठून सांगत, ओरडणं म्हणजे समोरच्याला बहिरा ठरवणं. "शब्द सोडायचा नसतो, नेऊन ठेवायचा असतो," असं त्यांचं म्हणणं. आम्ही हसायचो. पण त्या नाल्यावर मी जे शिकलो त्याच्या जोरावर पुढे कर्णा नसताना भर बाजारात सभा घेतल्या, हे खरं आहे.

नम्र वगैरे मास्तर मुळीच नव्हते. तापी आणि नर्मदा यांच्या मधल्या मुलखात आपल्यासारखा आवाज नाही, असं ते कुणी न विचारता सांगत. त्या आवाजासाठी त्यांनी खानदेशात राहून मिरची सोडली होती, आणि हा आमच्याकडे जवळजवळ धर्म सोडण्याचा प्रकार आहे. पंगतीत सगळ्यांच्या पानात ठेचा, यांच्या पानात दूधभाकरी. वैशाखाच्या उन्हात गळ्याला लोकरी मफलर. खिशात ज्येष्ठमधाची काडी. लग्न केलं नाही. लोक म्हणत, बायको मिरची मागेल या भीतीने केलं नाही. बोलताना ते तुमच्याकडे बघत नसत. तुमच्या डोक्यावरून, लांब कुठेतरी बघत, आणि तुम्हाला वाटायचं की आपल्या मागे कुणीतरी येऊन उभं आहे. मी कितीदा मागे वळून पाहिलं असेल.

लढाई लागली तशी दिल्लीच्या केंद्राने समुद्रापलीकडे बोलायला सुरुवात केली. आधी सरहद्दीपलीकडच्या लोकांसाठी, त्यांच्या भाषांत. मग तिकडे गेलेल्या आपल्या शिपायांसाठी, शिपायांच्या भाषांत. मराठी वाचणारे हवेत अशी जाहिरात निघाली आणि मास्तर नंदुरबारला गाडीत बसून निघाले. तिथली परीक्षा मला त्यांनीच सांगितली. बाकीचे उमेदवार साहेबांसमोर बसून बातम्या वाचत होते. यांनी कागद हातात घेतला आणि साहेबांना म्हणाले, तुम्ही समोर असाल तर मी वाचणार नाही. तुम्ही बाहेर बागेत जाऊन बसा. साहेब खरोखर बागेत जाऊन बसले. गंमत वाटली म्हणून गेले असतील. परत आले तेव्हा त्यांनी बाकीच्यांना घरी पाठवलं.

केंद्राचं वर्णन मास्तर एखाद्या तीर्थाचं करावं तसं करत. एका खोलीत पश्तू, शेजारी फारसी, पलीकडे अरबी, आणि सगळ्यात शेवटी, जिन्याखाली, आमची मराठी. खोलीत शिरताना ते चपला बाहेर काढत. त्यावरून तिथले लोक हसत. मास्तरांचं म्हणणं, ज्या खोलीत उभं राहिलं की मिसरातल्या, म्हणजे इजिप्तच्या, वाळवंटात बसलेल्या माणसाच्या कानाशी तोंड जातं, तिथे चपला घालून जायला मी काय बाजारात चाललोय. त्यांच्या खिशातलं घड्याळही तेव्हापासून मिसरची वेळ दाखवायला लागलं. सुट्टीवर तळोद्याला आले आणि कुणी वेळ विचारली, की घड्याळ बघून म्हणत, आत्ता दुपार झाली, पोरं जेवून सावलीला बसली असतील. विचारणारा दिवेलागणीच्या अंधारात उभा असे.

आमचं भांडण याच गोष्टीवर होतं. मी त्यांना तोंडावर सांगितलं होतं की तुम्ही सरकारची नोकरी करता, सरकारच्या लढाईला आवाज देता, आणि इथे सरकार आमच्या पोरांवर गोळ्या झाडतं. ते म्हणाले, "लढाई त्यांची आहे. गेलेली माणसं आपली आहेत. त्यांना घरचं कोण सांगणार, तुझी पत्रकं?" मी म्हणालो, राजीनामा द्या. ते म्हणाले, गळा साफ कर, तुझा आवाज नाकात जातोय. राजीनामा त्यांनी द्यायला हवा होता, असं माझं आजही मत आहे. ते मी बदललेलं नाही आणि बदलणार नाही. पण त्या जिन्याखालच्या खोलीतून त्यांनी जे केलं, ते आमच्या साऱ्या पत्रकांना जमलं नाही, हेही तितकंच खरं.

त्यांचं काम होतं शिपायांना घरचे निरोप वाचून दाखवायचं. बाकीच्या भाषांत हे निरोप डाकेने दिल्लीला येत आणि टंकलेखकाच्या हातून साफसूफ होऊन वाचले जात. आमच्या मुलखातून कोण लिहिणार? डोंगरातून आणि डोंगराखालच्या पाड्यांतून कितीतरी जण मजूर पलटणीत गेले होते, रस्ते करायला, ओझी वाहायला. त्यांच्या घरी लिहिता येणारं माणूस नाही. म्हणून मास्तर सुट्टीवर आले की आठवडे बाजारात चिंचेखाली बसत आणि तोंडी निरोप घेत. एकही लिहीत नसत. डोळे मिटून ऐकत, सांगणाराला तसाच्या तसा म्हणून दाखवत, चूक निघाली तर पुन्हा म्हणत. त्याने मान हलवली की तो निरोप त्यांच्या डोक्यात कायमचा जाऊन बसला.

मोगी नावाची एक बाई तिथे आली ती मी पाहिली. डोंगराखालच्या पाड्यावरची, घरी भिली बोलणारी, पण बाजारापुरती अहिराणी तिला येत होती. नवरा मजूर पलटणीबरोबर मिसरात. दोन पावसाळे त्याची काही खबर नव्हती, आणि पाड्यावरचे लोक आता तिच्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले होते. ती आधी पलटणीच्या कचेरीत जाऊन आली होती. तिथल्या कारकुनाने नवऱ्याचं नाव विचारलं आणि ती गप्प राहिली. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही, डोंगरात नाही आणि गावातही नाही. कारकुनाला हे ठाऊक नसेल असं नाही, पण त्याने तिला हाकललं. तिच्याबरोबर आलेला पाड्यावरचा म्हातारा नाव सांगायला पुढे झाला तर त्यालाही हाकललं.

चिंचेखाली त्या म्हाताऱ्याने पुन्हा तोंड उघडलं, तेव्हा मास्तरांनी त्याला हाताने थांबवलं. निरोप तिचा आहे, ती सांगेल. आणि तिला म्हणाले, "नाव नको लेऊ, बैन. तो काय वळखी, ते सांग."

नाव नको, तो कशाला ओळखेल ते सांग. माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नावं हजार सारखी असतात. पलटणीत दोन हाका मारल्या तर दहा जण वळतील. पण घरामागच्या उतारावर वीज पडून अर्धं जळलेलं आणि अर्ध्या अंगाने फुलणारं महूचं, म्हणजे मोहाचं, झाड जगात एकाच माणसाचं असतं. मोगीने ते झाड सांगितलं. मग घरची बातमी सांगितली: पेरणीसाठी उताराचा तुकडा भाजला, महूला झळ लागू दिली नाही. मनात खूप असणार, पण चारचौघांत, नवऱ्याबद्दल, कसं बोलायचं? शेवटी तिने ते बैलावर घातलं. त्यांचा एक लाल बैल होता, लाल्या, नवऱ्याने वासरापासून वाढवलेला. तो वाट बघतोय असं सांगा, म्हणाली.

मास्तरांनी डोळे मिटून म्हटलं, "महू राखा. डोंगरले आग लाई. लाल्या वाट देखी ऱ्हायना."

तिने मान हलवली नाही. आग आधी, महू नंतर, असं तिचं म्हणणं. आग लावल्याशिवाय राखायचं कशापासून? मास्तरांनी, ज्यांनी तपासनीस साहेबांना उत्तर द्यायला तोंड वळवलं नव्हतं, त्यांनी त्या बाईपुढे मान लववून क्रम सुधारला. मग तिने मान हलवली.

आता दिल्लीचा कायदा ऐका. जे बोलायचं ते आधी कागदावर टंकून द्यायचं, तपासणाऱ्या अधिकाऱ्याने सही करायची, त्याबाहेर एक शब्द नाही. पाऊस पडला असं बोलायचं नाही, कारण शत्रूला हवामान कळतं. आणि बोलायचं ते शुद्ध मराठीत. तपासणारा अधिकारी पुण्याकडचा होता. त्याच्या कानाला अहिराणी म्हणजे मोडकी मराठी, आणि मोडकी गोष्ट सरकारी खोलीतून बाहेर जाऊ द्यायची नाही हे त्याचं ब्रीद. मास्तर कागद रीतसर देत. त्यावर नाव, नंबर, सुखरूप आहोत, काळजी नसावी. सही होई. आणि मग ते डोळे मिटून, कागदाच्या शेवटी, चिंचेखालचे एक-दोन निरोप मिसळून देत, ज्याच्या त्याच्या बोलीत. असं बरेच महिने चाललं. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण तो अधिकारी बहुधा ऐकतच नव्हता. आपल्याकडचे अधिकारी सह्या करतात, ऐकत नाहीत.

तळोद्यात तेव्हा रेडिओ एकच, जिनिंगवाल्या सेठजींकडे. त्याची बॅटरी जिनच्या इंजिनावर भरून आणायची. छपरापासून लिंबापर्यंत तार ओढलेली. दिल्लीचा तो कार्यक्रम समुद्रापलीकडे फेकलेला असे, आमच्याकडे त्याचं नुसतं शेपूट येई. आवाज वाऱ्यावरच्या कापसासारखा, आत्ता हातात, आत्ता गेला. तरी मास्तरांची वेळ झाली की सेठजींच्या ओट्यावर माणूस मावत नसे. सेठजी पक्के सरकारनिष्ठ, आम्हा पत्रकवाल्यांना दारात उभे करत नसत. त्या वेळेला मात्र काही बोलत नसत. मीही तिथेच भिंतीला टेकून उभा असे. सरकारी रेडिओ ऐकायचा नाही असा आमचा ठराव होता. मास्तर म्हणजे सरकार नव्हे, अशी पळवाट मी काढली होती.

त्या आखाजीला गल्लोगल्ली झोके बांधलेले, माहेरी आलेल्या पोरींची गाणी चाललेली. मोगी पाड्यावरून मुद्दाम आली होती. बायकांत, ओट्याच्या कडेला बसली. खरखर झाली, सनई झाली, आणि मग मास्तरांचा आवाज आला. मी हा माणूस लहानपणापासून ऐकलेला, त्याच्याशी भांडलेला. तरी त्या पेटीतून तो आवाज निघाला की मी भिंतीपासून सुटून सरळ उभा राही. तो कुणाला उद्देशून नव्हताच असं वाटे, आणि त्याच वेळी एकट्या माझ्या कानाशी आहे असंही. ओट्यावरची तान्ही पोरंसुद्धा रडायची थांबत.

कागदावरचे निरोप संपले. मास्तर थांबले. मग म्हणाले, ज्याच्या घरामागच्या उतारावर वीज पडलेला महू आहे, त्याने ऐकावं. मोगीने पदर तोंडावर धरला.

"डोंगरले आग लाई. महू राखा. लाल्या..."

आणि आवाज गेला.

आम्हाला वाटलं, नेहमीसारखा वाऱ्यावर गेला, येईल. सेठजींनी रेडिओचे कान फिरवले. आली ती सनई. तीच तबकडी, पहिल्यापासून. मोगी तशीच बसून राहिली. बराच वेळ गेल्यावर तिने शेजारणीला विचारलं की पुढचं केव्हा सांगतील.

झालं होतं असं, की त्या दिवशी एका गोऱ्या साहेबाला केंद्रात काय चालतं ते ऐकायची लहर आली होती, आणि त्याच्यासमोर पुण्याच्या अधिकाऱ्याला ऐकावं लागलं. कागदात नसलेलं वाक्य. डोंगराला आग. कुणालातरी राखलं. लाल्या नावाचा कुणी. नुकतीच देशात तारा तोडण्याची, स्टेशनं जाळण्याची चळवळ होऊन गेलेली. अधिकाऱ्याने बटण खाली केलं. मास्तर खिडकी नसलेल्या त्या खोलीत डोळे मिटून उभे होते; त्यांनी वाक्य पुरं केलं आणि मग डोळे उघडले तर लाल दिवा विझलेला. त्यांना चौकशीत विचारलं, लाल्या कोण. त्यांनी सांगितलं, बैल. साहेबाला तो उर्मटपणा वाटला. निरोप कुणाचा, कुणाला, ते नाव सांगा. मास्तर म्हणाले, तिने नाव घेतलेलं नाही, मी कसं घेऊ.

एवढं नाव घेतलं असतं तर कदाचित नोकरी वाचली असती. नाव त्यांना माहीत होतं. म्हाताऱ्याने बाजारात नंतर सांगितलंच होतं. मीही ते जाणतो, आणि मीही इथे लिहिणार नाही.

पुढे तळोद्याला हुकूम आला की लाल्या नावाच्या फरारी इसमाचा शोध घ्यावा. निरोप कुठल्या पाड्याचा एवढं बाजारात कळलेलं होतं; हवालदार मोगीच्या पाड्यावर गेला. आमचाच हवालदार, बिचारा चढ चढून घामाघूम झालेला. त्याने दरडावून विचारलं की लाल्या कोठे शे. मोगी म्हणाली, "चरी ऱ्हायना." हवालदाराने बंदूक सरसावली आणि तिच्यामागून गेला. बैलाने त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा गवताकडे तोंड केलं. हवालदाराने परत येऊन खरं ते लिहून पाठवलं. तरीही दिल्लीचा शेरा हलला नाही, कारण वरच्या साहेबाने एकदा फरारी लिहिलं की खालच्याने बैल लिहून भागत नाही.

मास्तर मफलर गुंडाळून परत आले. शाळेने घेतलं नाही; शत्रूला संकेत देणारा माणूस मुलांना काय शिकवणार? ज्यांनी ओट्यावर बसून त्यांना ऐकलं होतं, त्यांच्यातलेच काही जण आता रस्ता बदलायला लागले. मास्तर शिकवण्या घेऊन राहिले. त्या मूठभर देहाच्या माणसाचा तोरा मात्र तसूभर कमी झाला नाही. घड्याळ मिसरच्या वेळेवरच चालू राहिलं.

मग लढाई संपली आणि माणसं परत यायला लागली, आणि मास्तरांनी आपलं उरलेलं काम सुरू केलं. त्या शेवटच्या सुट्टीत चिंचेखाली घेतलेले सगळे निरोप त्यांच्याकडे तसेच पडून होते. एक मोगीचा अर्धा सोडला, तर बाकीचे द्यायला त्यांना मिळालेच नाहीत. जो परत आला त्याच्या गावी ते चालत जाऊ लागले. तापीकाठच्या एका गुजर शेतकऱ्याच्या घरी गेले तेव्हा मी बरोबर होतो. मुलगा पलटणीतून येऊन महिना झालेला, ओसरीवर जेवत बसलेला, आई वाढत होती. मास्तर उंबऱ्याबाहेर चपला काढून उभे राहिले, डोळे मिटले, आणि त्याला त्याच्या आईचा निरोप सांगितला: नव्या विहिरीला पाणी लागलं, केळी लावली, तुझ्या वाटचं ताट रोज काढून ठेवते. मुलगा हसला, म्हणाला, मास्तर, मी तर येऊन बसलोय. आईसुद्धा पदरात हसत होती.

मास्तर म्हणाले, "तू आलास ते तुझं काम. हे माझं."

आणि निरोप पहिल्यापासून पुन्हा सांगितला. या खेपेला ताटाचं वाक्य आलं तेव्हा आई हसत नव्हती. मुलाने हातातला घास पानात ठेवला.

मोगीचा नवरा फार उशिरा आला. पाय दुखावून मिसरातल्या इस्पितळात पडून होता. तो आल्याचं कळलं तसे आम्ही पाड्यावर गेलो. त्याने मास्तरांना कधी पाहिलेलं नव्हतं. मास्तर अंगणात उभे राहून फक्त म्हणाले, ज्याच्या घरामागच्या उतारावर वीज पडलेला महू आहे, आणि तो माणूस काठी टेकत उठून उभाच राहिला. इस्पितळात भोंग्यातून हाच आवाज आला होता. आग लावल्याचं त्याने ऐकलं, महू राखल्याचं ऐकलं, लाल्या एवढं ऐकलं आणि आवाज बंद. त्याने काय समजावं? लाल्या मेला, आणि सांगणाऱ्याला पुढे बोलवेना, असं तो समजला. दोन वर्षं तो त्या बैलाचं सुतक मनात घेऊन होता. घरी आला तो आधी गोठ्यात गेला, मग घरात. मोगी हे सांगताना त्याच्याकडे बोट दाखवून हसत होती, नाव न घेता.

मास्तरांना हसू आलं नाही. ते लांब, त्याच्या डोक्यावरून बघत होते. मग त्यांनी डोळे मिटून, आखाजीच्या संध्याकाळी जिथे तोडलं होतं तिथून वाक्य उचललं.

"वाट देखी ऱ्हायना."

नवऱ्याने गोठ्याकडे पाहिलं. मग बायकोकडे. मोगी एकदम उठून आत गेली आणि भाकरी थापायला लागली; थापण्याचा आवाज जरा जास्तच मोठा होता. मी भाषणं खूप ऐकली आहेत, मोठमोठ्या पुढाऱ्यांची ऐकली आहेत. तीन शब्दांनी एवढं झालेलं दुसरीकडे कुठे पाहिलं नाही.

आता उरलंय ते सांगतो. मास्तरांच्या डोक्यात अजून काही निरोप आहेत. त्यांची माणसं परत आली नाहीत. सरकार म्हणतं बेपत्ता, म्हणजे मेलीच समजा. मास्तर म्हणतात, मेली हे कुणी सांगितलं? सरकारने. याच सरकारने लाल्या फरारी आहे असं सांगितलं होतं. माझं विचाराल तर ती माणसं जिवंत असतील असं मला वाटत नाही. हे मी मास्तरांना सांगितलंही. ते म्हणाले की तो प्रश्न त्यांचा नाही. त्यांनी निरोप पोचवायचा म्हणून घेतला होता. समुद्रापलीकडे, त्या खोलीतून, त्या वेळेला. तो तिथून एकदा जायला हवा.

बाजाराच्या दिवशी ते अजून चिंचेखाली बसतात. एक म्हातारी दर बाजाराला येते, टोपली खाली ठेवते आणि विचारते, "पोचना का, मास्तर?"

तापी-नर्मदेमधला सगळ्यात मोठा आवाज म्हणवणारा हा माणूस तेव्हा खाली बघतो. "नही, माय. अजून नही." हे त्याला दर बाजाराला म्हणावं लागतं, आणि हा खरा अन्याय आहे. नोकरीचं जाऊ द्या. नोकरी त्यांनी मागितलेली नाही. त्यांना पाव तास हवा आहे.

तो मागायला मी स्वतः दिल्लीला गेलो. पुण्याचा तोच अधिकारी भेटला. आता खादी घालतो, वरच्या खुर्चीवर बसतो. गोड बोलला. शिपायांचा कार्यक्रम बंद झालाय म्हणाला, लढाई संपली, आता निरोप कुणाला द्यायचे. शिवाय जुना शेरा आहे. मी विचारलं, केंद्र परदेशी बोलायचं थांबलं आहे का? नाही. तिकडे स्थायिक झालेल्या आपल्या लोकांसाठी रोज बोलतं. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकलं. बराच वेळ सनई चालली होती. तबकडीला वेळ आहे आणि या माणसाला नाही.

मास्तरांचा आवाज आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. मफलर आणि ज्येष्ठमध असूनही संध्याकाळी तो बसतो. नाल्याच्या काठावर उभे राहून ते रोज निरोप म्हणून बघतात, एकही शब्द सुटलेला नाही याची खात्री करतात. मी परवा पलीकडच्या काठावर उभा होतो. शेवटचे शब्द माझ्यापर्यंत आले नाहीत. त्यांनी तिकडून हात करून विचारलं, आलं का. मी आलं म्हणून मान हलवली नाही. त्यांनी पुन्हा म्हटलं.

तेव्हा तुमच्याकडे माझं मागणं आहे, आणि ते हळहळून भागण्यासारखं नाही. एक कार्ड घ्या. दिल्लीच्या रेडिओ केंद्राला लिहा की तळोद्याच्या मास्तरांवरचा शेरा पुसा आणि समुद्रापलीकडच्या कार्यक्रमातला पाव तास त्यांना द्या. मास्तरांचं नाव लिहू नका, ते त्यांना आवडत नाही. तळोद्याचे मास्तर म्हटलं की फाईल सापडते. तुमच्या घरातला कुणी पलटणीत होता आणि त्याने तिकडे आपल्या बोलीतलं काही ऐकलं असेल, तर त्याला समोर बसवून विचारा आणि त्याने सांगितलेलं तसंच्या तसं खाली लिहा, शुद्ध करू नका. आणि हे पुढच्या बाजाराच्या आत करा. म्हातारी टोपली घेऊन येणार आहे.